उरलेल्या तीन गोळ्या

आमच्या काकूंच्या काटकसरीला तोड नाही. डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला, तशी उरलेली स्ट्रिप फ्रीजवरच्या बिस्किटांच्या डब्यात गेली. पुढे शेजारच्या बंड्याला सर्दी झाली, त्याला त्यातली एक. सर्दी विषाणूची, गोळी जिवाणूंवरची. पण शेजारधर्म असले भेद मानत नाही. स्ट्रिपवरची ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ सांगणारी लाल रेघ त्यांना साडीच्या काठासारखी शोभेची वाटते. १९४५ साली नोबेल व्याख्यानात पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने बजावलं होतं, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, तरबेज होतात. म्हणजे विनाशुल्क शिकवणीच की! परवा काकूंच्याच लघवीचा कल्चर रिपोर्ट आला : सहा औषधांपुढे ‘रेझिस्टंट’. काकूंनी तो नीट घडी करून डब्यात ठेवला. “असू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.”