मानाचा मेंढपाळ

फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्समध्ये, आल्पिय नावाची डोंगररांग आहे. तिचं सर्वांत उंच टोक समुद्रसपाटीपासून ४९८ मीटर. पुणे ५६० मीटरवर आहे. म्हणजे मी घरी अंथरुणात लोळत असतो, तेव्हाही या रांगेच्या शिखराच्या साठेक मीटर वर लोळत असतो. हा हिशेब मी विमानातच करून सौ.ला ऐकवला.

“मग तिथे धापा टाकू नका म्हणजे झालं,” ती म्हणाली.

माझे गुडघे हा आमच्या घरातला स्वतंत्र विषय आहे. त्यांच्यासाठी जेजुरीला घेतलेली वेताची काठी मी युरोपभर बाळगत होतो. डोक्याला माकडटोपी, अंगावर सौ.ची जाड तपकिरी शाल. उन्हाळ्याच्या तोंडावर हा वेश कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी मिस्त्राल खाल्लेला नाही. रोन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून घोंघावत येणारा हा वारा आकाश निळंभोर करतो आणि माणसाचे कान बधिर. त्याच्या धाकाने इथल्या जुन्या शेतघरांच्या उत्तरेकडच्या भिंतीला खिडकीच ठेवत नाहीत. शेतांच्या कडेने सायप्रसच्या रांगा लावतात. चर्चच्या घंटेवर दगडी छप्पर न घालता लोखंडी पिंजरा बसवतात, वारा आरपार जावा म्हणून. मला आरपार जायला जागा नव्हती, म्हणून शाल.

आमचा मेहुणा तुलूझला विमानांच्या पंखांचं काहीतरी बघतो. त्याने सहलीचा आराखडा छापून आणला होता. त्यात ‘१०.४० : बोनेलीचा गरुड’ अशी नोंद होती. गरुडाला कळवलं होतं की नाही, ते विचारायचं राहून गेलं. “पेंटेकॉस्टचा सोमवार आहे, भाऊजी. सुट्टी. सगळे झोपलेले असणार. सें-रेमीत कॉफी घेऊ आणि थेट डोंगरावर,” असं त्याने गाडीत सांगितलं.

सें-रेमी हे नॉस्ट्रॅडॅमसचं गाव. १५०३ साली तो इथे जन्मला, आणि कारंज्यावर त्याचा अर्धपुतळाही आहे. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना गावात फक्त त्यालाच असावी, कारण तो आमच्याकडे बघत नव्हता.

गाडी गावाबाहेरच अडवली. जुन्या गावाला वळसा घालणारा एक गोल रस्ता आहे, दोन्ही बाजूंना चिनारच्या जातीची भलीमोठी झाडं. कडेला माणसांची ही गर्दी, आणि मधला रस्ता मोकळा. मोकळा रस्ता पाहिल्यावर पुण्याच्या माणसाचं जे होतं तेच माझं झालं. कॉफीचं दुकान पलीकडे होतं. मी मध्यावर पोचलो आणि वळणावरून घंटांचा आवाज आला.

आधी गाढवं आली. मग पिळाच्या उंच शिंगांच्या बकऱ्या. आणि मग, भिंतीपासून भिंतीपर्यंत, मेंढ्या. पेंटेकॉस्टच्या सोमवारी आल्पियच्या परिसरातले कळप सें-रेमीला प्रदक्षिणा घालतात, हे मला त्या क्षणी समजलं. सुमारे तीन हजार मेंढ्या, आर्लच्या मेरिनो जातीच्या. उन्हाळ्यात या सपाटीवर गवत करपतं, म्हणून शेकडो वर्षं मेंढपाळ कळप घेऊन आल्प्सच्या कुरणांत जात आले आहेत. त्या वाटचालीचा हा सोहळा.

मेंढ्यांच्या मधोमध सापडलेला माणूस चालत नाही, वाहतो. मांड्यांपर्यंत ऊबदार, तेलकट लोकर चिकटलेली. खाली पाय कुठे पडतोय याचा पत्ता नाही. थांबावं तर मागची दहा डोकी एकदम ढुशी देतात. मी काठी उंच धरली, निदान ती तरी वाचावी म्हणून. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे का, ते मला पुढच्या वळणावर उमगलं. माझ्या आजूबाजूचे खरे मेंढपाळ काळ्या रुंद टोप्या, खांद्यावर झगा आणि हातात काठी अशा थाटात चालले होते. त्यांच्यात हा एक सावळा गृहस्थ : वेगळी टोपी, वेगळी घोंगडी, वेगळी काठी. परदेशाहून मुद्दाम बोलावलेले मेंढपाळ असणार! एका आजीबाईंनी ओरडून काहीतरी विचारलं. प्रश्न कुठून आलात हाच असणार असं धरून मी म्हणालो, “पुणे.”

“आ, पुणे!” त्यांनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने नवऱ्याला. बातमी मेंढ्यांपेक्षा वेगात पुढे गेली. चर्चपाशी पोचलो तेव्हा माणसं “ब्राव्हो, पुणे!” म्हणत होती. गणपतीच्या मिरवणुकीत आयुष्यभर मागून ढकलला गेलेला मी, पहिल्यांदाच मानाचा झालो होतो. तेवढ्यात कडेवरून ओळखीचा आवाज : “अहो, टोपी सरळ करा! व्हिडिओ काढतेय!”

मेहुणा आराखड्याचा कागद फडकवत बाजूने धावत होता. “भाऊजी, इकडे! दहा चाळीस होत आले!” कागद फडकवायला नको होता. एका बकरीने तो शांतपणे त्याच्या हातातून काढून घेतला आणि गरुडापासून सुरुवात केली.

एक फेरी झाली की सुटका होईल, अशी माझी समजूत होती. कळप पुन्हा त्याच रस्त्याला वळला.

दुसऱ्या फेरीत माझ्या शेजारी एक म्हातारा मेंढपाळ आला. त्याच्या काखेत दमलेलं कोकरू होतं. माझी काठी त्याने नीट बघितली आणि काही न बोलता कोकरू माझ्या हातात दिलं. त्याचं काळीज माझ्या पंजावर धडधडत होतं. फलटणकडे माझं आजोळ. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे धनगर वाटेत आजोबांच्या वावरात मेंढ्या बसवायचे, खतासाठी. आजोबा त्यांना ज्वारी घालायचे. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी, आणि त्यांच्यातली एक बाई रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर असंच एक कोकरू ठेवून भाकरी भाजायला बसायची. मी हलायचो नाही. त्या वावरात आता एनए प्लॉट पडलेत आणि कमानीवर ‘निसर्ग’ असं लिहिलंय. इथल्याही बहुतेक मेंढ्या आता आल्प्सला ट्रकने जातात. या भटकंतीला युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली २०१९ मध्ये, तेव्हा तीन देश होते; २०२३ मध्ये त्यात फ्रान्सही आला. वारसा झाला की समजावं, ट्रक आला.

कोकरू कसं धरायचं ते म्हाताऱ्याने मला दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा हिसकावूनच घेतलं.

दुपारी, कळप पांगल्यावर, आम्ही ला कोम नावाच्या डोंगरावर गेलो. उंची ३८७ मीटर, आणि धापा टाकल्या, कारण पायथाच जवळजवळ समुद्राला टेकलेला आहे. हे मेहुण्याने चढणीच्या मध्यावर सांगितलं. पांढरीफटक चुनखडी, काटेरी पानांचे खुरटे ओक, आणि पाय पडेल तिथून उठणारा रोझमेरीचा वास. मेंढ्या ही झुडपं खाऊन माळ मोकळा ठेवतात, म्हणून वणव्याला सरपण कमी मिळतं आणि गरुडाला ससे, तित्तिर दिसतात. गरुड मात्र आला नाही. वेळापत्रक बकरीच्या पोटात होतं. आलं ते एक पांढरं गिधाड, आफ्रिकेत हिवाळा काढून मार्चमध्ये इथे घर करायला येणारं. मेहुणा दुर्बीण घेऊन आनंदाने थरथरत होता. “हे तर आपल्याकडे उकिरड्यावर बसतं,” सौ. म्हणाली. “तुमच्या फ्रान्सने एवढं डोक्यावर घेतलंय होय?”

बाकीचं पळतच बघितलं. व्हॅन गॉग ज्या मनोरुग्णालयात मे १८८९ पासून वर्षभर राहिला आणि जिथे त्याने दीडशेच्या आसपास चित्रं काढली, ते पाहिलं. ‘स्टारी नाइट’च्या क्षितिजावर हेच डोंगर आहेत. ले बोचा किल्ला खालूनच. १८२१ मध्ये याच गावाजवळ बर्तिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला ती लाल माती सापडली, जिला जग बॉक्साइट म्हणतं आणि जिच्यापायी कोल्हापूरकडचे आमचे सडे आज खरवडले जाताहेत. इथल्या खाणी बंद झाल्या, आणि एका जुन्या दगडखाणीत आता तिकीट लावून भिंतींवर चित्रं दाखवतात.

रात्री खानावळीत मेनू आला. पहिलाच पदार्थ : आल्पियचं कोकराचं मटण, रोझमेरी घालून.

“तुम्ही घेणार?” सौ.ने माझ्याकडे रोखून पाहिलं. “सकाळी कडेवर घेतलं होतंत.”

मी घेतलं. मटण लुसलुशीत होतं, मीठ जरा कमी. सौ.ने वांग्या-टोमॅटोची रातातुई मागवली, दोन घास खाल्ले आणि मग, फक्त चव बघते म्हणून, माझ्या ताटातला मोठा तुकडा उचलला.