दाखल्यासकट आलेला वणवा

जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. हा पठ्ठ्या, म्हणजे शाळा बदलून आलेला विद्यार्थी, एप्रिलमध्ये कधीच येत नाही. भर सत्रात, सगळं सुरळीत सडत असताना तो दारात उभा राहतो. गुरुजी फळ्यावर त्याचं नाव लिहितात. नव्या मुलानं वाकून ‘सांभाळून घ्या’ म्हणावं, एवढीच रीत. हा मात्र मूठ आवळून असा गरजतो की शेजारच्या वर्गाची हजेरी चुकते. खिडकीजवळचं शेवटचं बाक त्याच्यासाठी कायम रिकामं. बहुधा राखीव कोटाच असावा. मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत खंडणी कोण गोळा करतं ते त्याला कळलेलं असतं, आणि शेवटच्या तासाला त्या इसमाचा जबडा जागचा हललेला असतो.

अभ्यास? तो विषय कोणी काढतच नाही.

जपानी चित्रकथांतली ही रुळलेली जात. तिचा अर्क काढला काझुहिको शिमामोतो यांनी, १९८३ साली ‘शोनेन संडे’ साप्ताहिकात सुरू झालेल्या ‘होनो नो तेन्कोसेई’मध्ये. नायक नोबोरू ताकिझावा ज्या शाळेत येतो तिचं नावच ‘बळी तो कान पिळी’ या थाटाचं. तिथं भांडण मिटवायला मुख्याध्यापक लागत नाहीत, बॉक्सिंगचं रिंगण लागतं. त्याच्या हुकमी ठोशाला नाव आहे सरकारी लोकल गाड्यांचं. आपल्याकडे एखाद्यानं ‘विरार फास्ट’ ठेवून द्यावी तसं. १९८७ साली त्या रेल्वेचं खासगीकरण झालं, ठोसा मात्र सरकारीच राहिला! २०१७ साली नेटफ्लिक्सनं याच कुळातली मालिका काढली, तेव्हा एकाच्या जागी सात जण आले, सातही जणांचं नाव काकेरू. शाळांतला भ्रष्टाचार वाढला होता की कलाकार जास्त होते, कोण जाणे.

बाहेरचाच का लागतो? कारण आतल्यांना उद्याही त्याच बाकावर बसायचं असतं. याचा काय, दाखला तयारच.

या घराण्याचा मूळपुरुष विद्यार्थी नाही, मास्तर आहे. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी १८९५ साली मात्सुयामात शिकवायला गेले होते. त्या अनुभवावर त्यांनी १९०६ साली ‘बोच्चान’ ही कादंबरी लिहिली. टोकियोचा तापट गणितशिक्षक गावात येतो. तिथला ‘लाल शर्ट’ हा गोडबोल्या वरिष्ठ एका गरीब मास्तराची दूरवर बदली करवतो, कारण त्याच्या वाग्दत्त वधूवर याचा डोळा! बोच्चान मित्राला घेऊन पहाटे दबा धरतो, लाल शर्टाच्या चमच्याच्या तोंडावर अंडी फोडतो, दोघांना बदडतो आणि राजीनामा देऊन टोकियोची वाट धरतो. नव्या नोकरीत पगार चाळीस येनांवरून पंचवीसवर. लाल शर्टाची खुर्ची शाबूत. या कुळाचा पराक्रम तेव्हापासून असाच आहे: ठोसा चोख, पाठपुरावा शून्य.

खऱ्या जपानात तर ठोसा मारायला जबडाच सापडत नाही. २००८ साली ओइता प्रांतात शिक्षकभरतीतली लाचखोरी उघडकीस आली. त्यात रोख रकमेबरोबर भेट-कूपनंही होती. कूपनाला कुठं मारणार?

ओसाकात उपजतच तपकिरी केसांच्या एका मुलीला शाळेनं पुन्हापुन्हा ते काळे करायला लावलं. तिनं २०१७ साली दावा लावला. निकाल २०२१ साली: भरपाई ३,३०,००० येन, नियम मात्र वैध. टोकियोच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांतून केस काळे करण्याची सक्ती एप्रिल २०२२ पासून गेली, तीही विद्यार्थी-पालकांशी चर्चा करून. अशा बैठकीत ताकिझावा पहिल्या दहा मिनिटांत झोपला असता. जागा राहिला असता, तर टेबल बदलावं लागलं असतं.