सागवानी तात्या

दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर आपण चपला कुठे काढायच्या ते बघतो. तात्या टेबल बघतात. टेबल दिसलं की उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर दोनदा वाजतं, टक टक, आणि मान एकतर डोलते, नाहीतर दुसरीकडे वळते. मान वळली, तर त्या घरचा चहाही त्यांना पाणचट लागतो.

असा एखादा तात्या प्रत्येक गोतावळ्यात असतो आणि तो सुतार कधीच नसतो. आमचे तात्या पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या हातात रंधा कुणी पाहिलेला नाही. पण पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात ते देवळात जावं तसे जातात. लांबी फुटात, रुंदी-जाडी इंचात, गुणाकाराला भागिले 144, हे घनफुटाचं गणित ते झोपेतही सोडवतात, असं काकू म्हणतात. मोठ्याने सोडवतात, ही तक्रार वेगळी.

त्यांच्या लेखी सागातही घराणी आहेत. सगळ्यात वर बर्मा टीक. 2014 मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली तेव्हा तात्यांनी दोन दिवस गोड खाल्लं नाही. त्याखालोखाल ‘सीपी’, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमधला, आपला चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहहून साग निघाला, तर तात्यांनी सोसायटीत पेढे वाटले. घरातलं कुणी कलेक्टर झालं असावं, अशा समजुतीने चार जण त्यांचं अभिनंदन करून गेले.

मला पलंग आणि टेबल घ्यायचं होतं, आणि हे मी चुकून त्यांच्यासमोर बोललो.

पहिल्याच दुकानात विक्रेता हसतमुखाने म्हणाला, “सर, हे टीक फिनिश आहे.”

“फिनिश म्हणजे?”

“म्हणजे दिसायला सागासारखंच.”

“तुमच्या घरी आमरस फिनिशचा भोपळा वाढतात का?”

तिथून आम्ही निघालो. पुढच्या दुकानात तात्या कपाटाचं दार उघडून आतबाहेर बघू लागले. बाहेरच्या बाजूला जिथे गाठ आहे तिथेच आतल्या बाजूलाही तिची खूण हवी. नसेल तर वरून व्हेनियरचा पापुद्रा चिकटवलाय. मग कडा बघितली. रेषा फळीच्या तोंडावरून कडेवर उतरतात की तिथेच थबकतात? मी आपलं शहाणपण दाखवायला म्हटलं, “तात्या, उचलून बघू का? जड आहे म्हणजे अस्सल असेल.” तात्यांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, बहुधा सागाहून जडच भरते म्हणे. तोवर ते पलंगाखाली शिरले होते. दुकानदाराला त्यांचे फक्त पाय दिसत होते. आतून आवाज आला, “पांढरं लाकूड लावलंय! सालीजवळचं! वर पॉलिश फासून गाभ्याच्या रंगाचं केलंय! वाळवी आधी इथेच जेवायला बसेल!”

खरं सांगायचं तर त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. त्रास तोच होता. चुकणाऱ्या माणसाला टाळता येतं.

सात रविवार आणि एकोणीस दुकानं झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो, म्हटलं यांचं फर्निचर कसलं आहे ते तरी बघून घेऊ. बैठकीत प्लास्टिकच्या चार खुर्च्या होत्या. आत जमिनीवर गाद्या.

“चौदा वर्षं झाली या फ्लॅटमध्ये येऊन,” काकू म्हणाल्या. “यांचा पलंग अजून जंगलातच उभा आहे.”

“मनासारखं लाकूड मिळालं नाही,” तात्या म्हणाले. “आणि मिळालं असतं तरी नीट सीझन व्हायला नको?”

“माझी हाडं झाली ना सीझन.”

त्याच संध्याकाळी मी तात्यांना न सांगता एक पलंग घेतला. कसला, ते इथे लिहीत नाही. हा मजकूर ते वाचतील. टेबल मात्र त्यांच्या पसंतीचं केलं. सीपी साग, चपड्याचं पॉलिश, दोन खण, सांध्यात खिळा नाही. दिसतं देखणं. मार्चपासून रोज त्यावरून हात फिरवून मी ऑफिसला जात होतो.

आषाढात खण अडकला. दोन्ही हातांनी ओढला, पायाने रेटा दिला, बायकोला मागून धरायला लावलं. शेवटी तात्यांना फोन केला. ते भर पावसात आले, खणाशी उकिडवे बसले, बोटाने फट चाचपली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“फुगलंय! हवेतलं पाणी पिऊन लाकूड आडवं फुगतं. लाकूड जिवंत असल्याची खूण ही. तुझ्या त्या भुशाच्या फळीला जमेल का हे?”

“पण उघडेल कधी?”

“दिवाळीपर्यंत. हवा कोरडी झाली की आपोआप.”

“तात्या, आत गाडीची किल्ली आहे.”

तात्यांनी टेबलावर पेर वाजवलं, टक टक, आणि मान डोलावली.

“मग रिक्षाने जा.”