आचाऱ्यांची गीता

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शीर्षक मधोमध आणायचं एक गणित होतं. आधी कागदाचा मध्य गाठायचा, मग शीर्षकातल्या दर दोन अक्षरांमागे एकदा मागे सरकायचं आणि तिथून ठोकायला लागायचं. जळगावातल्या त्या पत्र्याच्या खोलीत, मे महिन्याच्या उकाड्यात, मी हे गणित घाम पुसत पुसत पाठ केलं. मिनिटाला ३० शब्दांची मराठीची परीक्षा पास झालो, त्या जोरावर कारकून झालो आणि त्याच जोरावर निवृत्तही झालो. मधल्या काळात टाइपरायटर जाऊन संगणक आला. माझ्या दृष्टीने फरक एवढाच पडला, की ओळ संपत आल्याची घंटी वाजेनाशी झाली.

त्यामुळे गावच्या शाळेतल्या आमच्या तुकडीने स्नेहमेळावा ठरवला आणि 'नानांकडे संगणक आहे' एवढ्या एका पुराव्यावर मला स्मरणिकेचा संपादक केलं, तेव्हा मी जराही डगमगलो नाही. बावन्न पानं दोन महिन्यांत बडवली आणि फाइल धुळ्याला भाचीकडे पाठवली. छपाई तिकडेच व्हायची होती. एरंडोल, पारोळा करत एसटीने जायला निम्मा दिवस लागतो. फाइल डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचली. तितक्याच वेगाने भाचीचा फोन आला.

"मामा, हे कोणत्या भाषेत लिहिलंय?"

तिच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि टक्क्यांच्या खुणा यांचा काला झाला होता. मी इमानाने मराठीतच लिहिलं होतं, पण कचेरीतल्या सवयीच्या जुन्या फॉन्टमध्ये. आणि त्या जुन्या फॉन्टांत, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं, मुळात मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात, वर फक्त मराठी चित्रं चिकटवलेली. ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही, तिथे मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये मात्र 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५. जळगावातही तोच, धुळ्यातही तोच, न्यू जर्सीतल्या आमच्या बॅचच्या डॉक्टरकडेही तोच. मला हे ऐकून भरून आलं. संगणक आल्यापासून मी मराठीचा पगार घेऊन इंग्रजी टाइप करत होतो.

भाचीने फॉन्ट बदलणाऱ्या साधनातून सगळं युनिकोडमध्ये आणलं आणि रविवारी स्वतःच जळगावला येऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. पहिलं काम तिने असं केलं, की मुख्य पट्टीवरच्या उलट्या 'पी'सारख्या खुणेवर टिचकी मारली. एरवी न दिसणारं सगळं त्या खुणेने दिसायला लागतं. माझी पानं कळण्याच्या भाकरीवर तीळ थापावेत तशी ठिपक्यांनी भरून गेली. एकेक ठिपका म्हणजे मी मारलेली एकेक स्पेस. शीर्षक मधोमध आणायला बावीस ठिपके, सही उजवीकडे न्यायला एकसष्ट, आणि नवं पान सुरू करायला एंटरच्या चौदा खुणांची उतरंड.

"काय करी राहिनात मामा हे!" तिच्या तोंडून अहिराणी निघाली. ती फक्त रागात किंवा लाडात निघते. इथे कोणतं होतं ते मी विचारलं नाही.

मग तिने सांगितलं ते माझ्या डोक्यात नीट बसलं. यंत्राला कसं दिसायला हवं ते करून दाखवायचं नसतं. काय आहे ते सांगायचं असतं. 'हे शीर्षक आहे' असं सांगा. स्टाइल्समध्ये हेडिंग नावाचा प्रकार असतो, तो लावा. मग ते ठळकही होतं, मोठंही होतं, आणि उद्या सगळी शीर्षकं निळी करायची लहर आली तर एका जागी बदलून बावन्न पानांत बदलतात. अनुक्रमणिका तर आपोआप तयार होते. ही अनुक्रमणिका मी आदल्या आठवड्यात पट्टी धरून, पानं मोजून, टिंबं टिंबं देत केली होती. तिसऱ्या पानावर एक फोटो वाढल्याबरोबर ती सगळी खोटी ठरली. नवं पान हवं तर कंट्रोल आणि एंटर, एकदाच. 'डॉ.' ओळीच्या शेवटी आणि आडनाव पुढच्या ओळीला असं होत असेल तर मध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस. दोघांची गाठ बांधली जाते. लग्नपत्रिका करणाऱ्यांनी ही गाठ जरूर शिकावी. आणि फाइल उघडल्यावर काल कुठे थांबलो होतो ते शोधत बसायचं नसेल तर शिफ्ट-एफ-५. हे शेवटचं मला फार आवडलं. घरात चष्म्यासाठी असं काही निघालं तर बरं होईल.

आमच्या तुकडीतले निम्मे लोक कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी कुठे ना कुठे जोडलेले आहेत. १९९० साली ते निघालं तेव्हा नाव सुटसुटीत होतं, २०१८ साली बहिणाबाईंचं नाव मिळालं. मिळालं ते योग्यच झालं, पण परिचयाच्या पानांवर ते सव्वीस वेळा टाइप करताना माझी बोटं कुरकुरायला लागली होती. भाचीने ऑटोकरेक्टमध्ये 'कबचौ' हा शब्द घातला, समोर पूर्ण नाव घातलं. आता 'कबचौ' लिहून स्पेस मारली की सबंध विद्यापीठ उभं राहतं. या सोयीचा नाद लागतो, हे सांगून ठेवतो. मी 'सनवि' लिहून 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' निघेल अशी सोय केली आहे आणि आता कारण नसताना लोकांना पत्रं लिहितो.

खरा प्रसंग पुढेच घडला. मेळाव्याला भरीत पार्टी ठरली होती. खानदेशात हिवाळ्यात चार माणसं जमली की वांगी भाजली जातात, त्याला ठराव लागत नाही. स्मरणिकेत मी आचाऱ्यांचे आभार मानले होते, त्यांचा इतिहास लिहिला होता, 'आचाऱ्यांच्या हातची चव' असा एक लेखही होता. पण 'ऱ्या' कसा काढतात हे मला ठाऊक नसल्याने सगळीकडे 'आचार्या' झालं होतं. म्हणजे आचार्यांनी वांगी भाजली, आचार्यांनी मिरच्या कुटल्या, आचार्यांना मानधन देण्यात आलं. भाचीने दाखवलं: इनस्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्याच कळीवर शिफ्ट धरला की 'ऱ' मिळतो. मराठीतला हा एवढासा आकडा स्वयंपाकघर आणि विद्वत्सभा यांच्यामधली भिंत आहे.

ती चहा करायला आत गेली तेवढ्यात मी कंट्रोल-एच दाबून शोधा-बदला उघडलं, 'आचार्या'च्या जागी 'आचाऱ्या' घाल म्हटलं आणि 'सगळे बदला'वर टिचकी मारली. एक्केचाळीस जागा बदलल्या. एवढी कार्यक्षमता मी सबंध नोकरीत दाखवली नव्हती.

आता, खानदेशातल्या स्मरणिकेत थोरवीचं पान असतंच. आमच्यातही होतं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात आचार्य विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवारी अठरा अध्याय. साने गुरुजी तिथेच कैदेत होते. त्यांनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली आणि त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. या पानावर आता असं झालं होतं, की आचाऱ्यांनी दर रविवारी गीता सांगितली आणि आचाऱ्यांच्या वाणीने कैदी भारावून गेले. भाची चहाचा कप हातात धरून हे वाचत उभी राहिली आणि कप खाली ठेवून मगच हसली.

कंट्रोल-झेडने सगळं पूर्ववत झालं. 'सगळे बदला' हे बटण तिने मला कायमचं वर्ज्य केलं. एकेक जागा पाहायची, पटली तर बदलायची, नाही तर पुढे जायचं. मी रात्री अकरापर्यंत बसून एक्केचाळीस जागा तपासल्या.

ऐकता ऐकता लिहून घेणाऱ्या साने गुरुजींचा मात्र मला तेव्हापासून हेवा वाटतो. मीही फोनवर बोलून लिहायचा प्रयोग केला. प्रमाण मराठी यंत्राला बरीच कळते. पण एका वर्गमित्राची आठवण त्याच्याच अहिराणीत ठेवायची म्हणून मी 'मी जाई राहिनू' म्हटलं, तर पडद्यावर कुणी जाई नावाची राणी अवतरली. टाइप करावं तर 'आठे'खाली लाल नागमोडी रेघ, 'तठे'खाली लाल नागमोडी, 'आंडोर'खाली तर दुहेरी असावी असा भास झाला. १८८० साली आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या बोलत गेल्या, सोपानदेव या मुलाने आणि घरातल्यांनी उतरवून घेतलं, आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक आलं. उतरवणारा घरातला होता हे किती बरं झालं. उजवी टिचकी मारून 'शब्दकोशात घाला' म्हटलं की लाल रेघ जाते. मी संध्याकाळभर बसून आईचे शब्द एकेक करून यंत्राच्या शब्दकोशात घातले. ते काम स्मरणिकेचं नव्हतं, पण थांबवेना.

भाचीची शेवटची तक्रार फाइलींच्या नावांबद्दल होती. ती ऐकून मला जुनी कागदपत्रं जमवणारे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आठवले. त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले, १९२६च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला, आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. माझ्या संगणकावर एकाच स्मरणिकेच्या नऊ प्रती होत्या: 'स्मरणिका नवी', 'स्मरणिका शेवटची', 'शेवटची खरी', 'शेवटची खरी नानांची'. यांतली आधीची कोणती आणि नंतरची कोणती, ते ठरवायला राजवाडेच हवे होते. आता मी नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालतो. फाइली आपसूक रांगेत उभ्या राहतात.

स्मरणिका छापून आली, मेळावा झाला, वांगी भाजली. पंगत उठल्यावर आचारी हात पुसत माझ्याकडे आले, त्यांच्या हातात स्मरणिका उघडी होती. एक्केचाळिसाव्या पानावर, रात्री अकराच्या पेंगेत, एक जागा माझ्या नजरेतून सुटली होती. ठळक अक्षरांत, हेडिंग स्टाइल लावून, अगदी मधोमध छापलं होतं: 'आमच्या आचार्यांचा सत्कार'. मी घाईघाईने खिशातून पेन काढलं, म्हटलं, द्या, दुरुस्त करून देतो.

त्यांनी पुस्तिका छातीशी धरली. "राहू द्या नाना," ते म्हणाले, "माले चालस."