सुई कोण लावणार?

18 सप्टेंबर 2025 ला आयएमए या ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने महाराष्ट्रभर चोवीस तासांचा संप पुकारला. कारण, सीसीएमपी हा आधुनिक फार्माकॉलॉजीचा वर्षभराचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी. मुद्दा रास्तच, फार्माकॉलॉजी काही वर्षभरात पचत नाही. पण त्यांना ॲलोपॅथीची औषधं देण्याची मुभा देणारा कायद्यातला बदल झाला तो 2014 मध्येच!

इकडे भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या धानपट्ट्यात, बांधीत वाकून कंबर धरलेली बाई पाटीवरची पदवी वाचत बसत नाही. चिखलाचे पाय दाराशी झटकते आणि विचारते, "डॉक्टरसाहेब, सुई लावता ना?" सुई न लावणारा तिच्या लेखी डॉक्टरच नव्हे, मग तो एमडी का असेना.

संघटनेला एक नम्र सूचना. पुढचं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देण्याऐवजी लाखांदूरच्या आडगावात खासगी दवाखाना थाटायला तयार असलेल्या एखाद्या तरुण एमबीबीएसच्या हाती द्या. सापडला तर.