कुठेही चालणारा फिफो

(हिंजवडी. दुपारचे चार. एफपीजीए टीमचा कोपरा. मुरलेल्यांच्या हातात चहा, नवीच्या हातात माउस. म्हणजे सत्ता कुणाकडे, ते उघड आहे.)

मुरलेले : हा आपला रियूजेबल फिफो. दोन क्लॉकच्या मध्ये डेटा न्यायचाय? उचल आणि टाक. कुठेही चालतो.

नवी : सर, याला १९ पॅरामीटर आहेत.

मुरलेले : म्हणून तर रियूजेबल!

नवी : पण प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरात याची वेगळी कॉपी आहे, थोडी थोडी बदललेली.

मुरलेले : अगं, एके ठिकाणी ॲक्टिव्ह लो रिसेट हवा होता.

नवी : त्याचा पॅरामीटर आहे की. सातवा.

मुरलेले : तो चालत नाही.

नवी : बरं, बिल्ड कसा करायचा?

मुरलेले : ९०० ओळींची स्क्रिप्ट आहे. एंटर मार.

नवी : मारला. स्क्रिप्ट सी ड्राइव्हवर कुणाचं तरी फोल्डर शोधतेय.

मुरलेले : तो कॅनडाला गेला. त्याच्या नावाचं फोल्डर बनव. रिकामं असलं तरी तिला चालतं.

नवी : सर, ही स्क्रिप्टच नाही. माउसनं जे जे केलं त्याच्या टीसीएल कमांड विवाडो टूल जर्नल फाइलमध्ये लिहून ठेवतं. कुणीतरी तिचंच नाव बदललंय. हे बघा, मध्येच विंडो उघडते.

मुरलेले : तेवढीच रात्रीच्या बिल्डला सोबत.

नवी : नॉन-प्रोजेक्ट मोडमध्ये हे सगळं दहा-बारा ओळींत बसतं. व्हेरिलॉग वाचायचं, कन्स्ट्रेंट वाचायचे, मग सिंथेसिस, प्लेस, राउट, टायमिंग रिपोर्ट, बिटस्ट्रीम. पाथ सगळे रिलेटिव्ह.

मुरलेले : पण माझ्या ९०० ओळींत टायमिंग पास होतं हं!

नवी : होणारच. दोन्ही क्लॉकच्या मध्ये सरसकट फॉल्स पाथ लावलाय. टूलला सांगून ठेवलंय, तिकडे बघूच नकोस.

मुरलेले : बघितलं की लाल दाखवायचं ना ते!

नवी : आणि डेप्थ १२?

मुरलेले : पॅरामीटर आहे. काहीही देता येतं.

नवी : इथेच घोळ आहे. पॉइंटर ग्रे कोडमधून पलीकडे जातात, कारण त्यात एका वेळी एकच बिट बदलतं. पलीकडच्या क्लॉकनं नेमकं बदलताना पाहिलं तरी जुना आकडा मिळतो नाहीतर नवा. तुमची मोजणी ११ वरून शून्यावर उडी मारते. ११ चा ग्रे १११०, शून्याचा ००००. तीन बिटं एकदम! मधल्या क्षणी भलताच आकडा पोचू शकतो.

मुरलेले : सिम्युलेशनमध्ये कधी दिसलं नाही.

नवी : सिम्युलेशनमध्ये वायरींना लांबी नसते, सर.

मुरलेले : (चहा खाली ठेवत) बोर्ड मधूनच लटकायचा खरा. आम्ही पॉवर सप्लाय बदलत बसलो.

नवी : मी दोनच पॅरामीटर ठेवते, विड्थ आणि डेप्थ. डेप्थ दोनाचा घात नसेल तर सिंथेसिस तिथेच एरर देऊन थांबेल.

मुरलेले : म्हणजे माझाच फिफो मला नाही म्हणणार?

नवी : हो. १६ द्या, गप्प बसेल.

मुरलेले : चार जागांची उधळपट्टी! १२ ठेवून मी चिपवरची जागा वाचवली होती.

नवी : इतका छोटा फिफो लट-रॅममध्ये बसतो, सर. तिथे १२ ला जेवढे लट लागतात तेवढेच १६ ला. काहीच वाचलं नाही.

मुरलेले : साहेबांनी वाचलं की, अप्रेझल फॉर्ममध्ये. त्यावर तर प्रमोशन झालं माझं!