दहावी ‘ब’चे भावी

दहावीच्या पोराला ‘मग, पुढं काय?’ असं विचारणाऱ्या पाहुण्याला उत्तर नको असतं. चहा येईपर्यंतचा वेळ काढायचा असतो. पोरांनाही हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून शोकेसमधल्या कपबशांसारखी एक महत्त्वाकांक्षा त्यांनी खास पाहुण्यांसाठी काढून ठेवलेली असते. डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर ‘एमपीएस्सी बघू’. दुसरी महत्त्वाकांक्षा आईवडिलांना सांगायची. तिच्यात जवळचं कॉलेज, झेपणारी फी आणि चुलतभावापेक्षा दोन टक्के जास्त, एवढं सगळं बसवावं लागतं. तिसरी खरी. ती फक्त शेजारच्या बाकावरच्या मित्राला माहीत असते, आणि मित्र पचकला तर वर्गशिक्षकाला.

मी वर्षानुवर्षं दहावी ‘ब’चा वर्गशिक्षक आहे. गाव तालुक्याचं. कोर्ट आहे, एसटी डेपो आहे, दोन टॉकीज होत्या त्यांची मंगल कार्यालयं झाली. रेल्वे नाही. आमच्याकडं ‘अ’ तुकडीतल्या मुलांना ध्येयं असतात आणि ‘ब’ तुकडीतल्यांचे बेत असतात. ध्येय एका शब्दात सांगून संपतं, बेत सांगायला अर्धा तास लागतो. निकालानंतर पोरं गुणपत्रिका आणि दाखला न्यायला येतात. दाखल्यावर ‘वर्तणूक – चांगली’ असं लिहून खाली सही-शिक्का झाला की त्यांना माझी भीती उरत नाही. मग ती टेबलाला टेकून उभी राहतात आणि तिसरी महत्त्वाकांक्षा बाहेर पडते.

आमच्या वर्गाच्या मॉनिटरबाईंचं मात्र तसं नाही. त्यांचं सगळं जाहीर. तिला कलेक्टर व्हायचंय, आणि माझ्या मते ती झालेलीच आहे, फक्त अजून आदेश निघालेला नाही. बोलणाऱ्यांची नावं इतर मॉनिटर फळ्यावर लिहितात आणि तास संपला की पुसतात. हिनं वही घातली होती. वहीत रकाने होते : नाव, वेळ, कोणाशी बोलला, शेरा. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या मोडक्या कडीसाठी तिनं मुख्याध्यापकांना अर्ज दिला. वर ‘जा. क्र. 1’ आणि खाली ‘माहितीस्तव प्रत : वर्गशिक्षक’. कडी दोन दिवसांत बसली. गेली चार वर्षं आम्ही शिक्षक ती कडी ‘बघू’ म्हणत होतो. दाखला घेताना तिनं विचारलं, ‘‘सर, कलेक्टरच्या वर कोण?’’

‘‘विभागीय आयुक्त.’’

‘‘त्यांच्या वर?’’

‘‘मंत्रालयात सचिव, त्यांच्या वर मुख्य सचिव.’’

‘‘आणि त्यांच्या वर?’’

‘‘मुख्यमंत्री.’’

तिनं क्षणभर विचार केला. ‘‘म्हणजे तिथं परत निवडून यावं लागणार. नको. कलेक्टरच बरं.’’ यूपीएससीला एकवीस वर्षं पूर्ण लागतात याचा तिला मनापासून राग आहे. मधली वर्षं जिल्ह्याचं काय होणार, असा तिचा चेहरा होता.

मध्यंतरी काही वर्षं बोर्डानं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. प्रत्येकाचा कल कुठं आहे ते छापील कागदावर यायचं : कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य वगैरे. त्यात एक क्षेत्र होतं ‘गणवेशधारी सेवा’. आमच्या निम्म्या वर्गाचा कल तिकडंच निघाला. एकानं विचारलं, ‘‘सर, यात एसटीचा कंडक्टर येतो का?’’ त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं. गणवेश आहे, सेवाही आहे.

आता चाचणी नाही, पण कल आहे तिथंच आहे. पहाटे पाच वाजता आमच्या गावच्या बायपासवर चला, अंधारात धापा ऐकू येतील. ही पोलीस भरतीची मंडळी. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800. माझ्या वर्गातला एक किडकिडीत गडी आठवीपासून त्यांच्यात धावतो. धावण्याची त्याला चिंता नाही. चिंता उंचीची. भरतीला 165 सेंटिमीटर लागतात आणि हा 161 वर अडलेला. मधल्या सुट्टीत तो मैदानातल्या कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळायचा. लोंबकळून उंची वाढत नाही, हे विज्ञानाच्या बाईंनी आकृती काढून समजावलं. त्यानं आकृती वहीत उतरवून घेतली, नावं दिली आणि परत जाऊन लोंबकळला. वर्गाच्या दाराच्या चौकटीवर तो दर सोमवारी पेन्सिलीनं खूण करायचा. दिवाळीच्या सुट्टीत शाळेनं रंगकाम काढलं आणि सगळ्या खुणा ऑइलपेंटखाली गेल्या. सुट्टीनंतर पोरगं रडवेलं होऊन स्टाफरूमच्या दारात उभं. ‘‘सर, शिपाईमामांनी माझी उंची पुसली.’’ अरे, भरतीला आधी बारावी व्हावं लागतं, तोवर ताडमाड होशील, असं मी त्याला सांगितलं. दाखला घ्यायला आला तेव्हा तो 163 झाला होता. टक्के किती पडले ते मीच त्याला विचारलं, तेव्हा त्यानं गुणपत्रिका उघडून बघितली.

युट्यूबर व्हायचंय म्हणणारे दरवर्षी सात-आठ असतात. त्यांच्याविषयी मला लिहायचं नाही, ते स्वतःविषयी रोज सांगतच असतात.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा निकाल फार चांगला लागला. वडिलांनी शाळेत पेढे वाटले. ‘‘डॉक्टर व्हायचं म्हणती,’’ असं प्रत्येक पेढ्यामागं एकदा. लातूरच्या क्लासची चौकशी झालेली, नीटला 180 प्रश्न आणि 720 गुण असतात हे घरातल्या आजीलाही पाठ झालेलं. वडील शिपाईमामांना पेढा द्यायला वळले तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, ‘‘सर, मला शिरवळला जायचंय.’’

शिरवळला जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे. प्रवेश तिथंही नीटवरच मिळतो. म्हणजे क्लास तोच, पुस्तकं तीच, परीक्षा तीच.

‘‘घरी सांगितलंस?’’

‘‘डॉक्टर व्हायचंय एवढं सांगितलंय. पेशंट कोण ते नाही सांगितलं.’’

त्यांच्या गोठ्यात चार म्हशी आहेत. त्यातली एक अडली तेव्हा रात्री दोन वाजता आलेला डॉक्टर तिनं बघितला होता. कोपरापर्यंत हात आत घालून त्यानं रेडकू ओढून काढलं, आणि मग चहा पिताना तिच्या वडिलांना, ज्यांच्यापुढं घरात कुणी ब्र काढत नाही, त्यांना गोठ्यातल्या घाणीवरून सणसणीत झापलं. वडील मान खाली घालून ‘‘हो साहेब, हो साहेब’’ म्हणत होते. व्यवसाय निवडायला याहून सबळ कारण माझ्या ऐकिवात नाही.

कारणं अशी जवळचीच असतात. टीसी होणार म्हणणाऱ्या पोराला मात्र मी बराच वेळ समजू शकलो नाही. ज्या तालुक्याला रूळ नाही तिथल्या पोराला टीसी दिसला कुठं? तर सहलीला जाताना. काळा कोट घातलेला एक माणूस डब्यात आला आणि सगळा डबा, आमच्या पीटीच्या सरांसकट, गप्प झाला. हे त्याच्या मनावर कोरलं गेलं. पोरानं पुढं अभ्यास वाढवला. ‘‘सर, धोनी खडगपूरला टीसी होता. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला, कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळेसुद्धा रेल्वेत टीसी होता. 2024 ला पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मारलं.’’

मी म्हटलं, अस्सं! म्हणजे नोकरी सांभाळून खेळायचा बेत दिसतो. ‘‘मग तू कोणता खेळ खेळणार?’’

‘‘खेळ नाही सर, टीसीच. एक क्रिकेटमध्ये गेला, दुसऱ्याला बढती मिळाली. दोन जागा मोकळ्या झाल्या असतील ना.’’

यंदा वर्गात पहिली आलेली मुलगी दाखला घेऊनही जाईना. सगळे गेल्यावर म्हणाली, ‘‘सर, मला मराठीची शिक्षिका व्हायचंय.’’ पोटच्या पोरीला सांगावं तसं मी तिला सांगितलं : आधी बी.ए., मग बी.एड., मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर नाव कधी येतंय त्याची वाट बघणं, आणि आलंच तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. शिवाय निवडणूक आली की मतदान केंद्र, मतदार याद्या, सुट्टीत पेपरांचे गठ्ठे. मी बोलत गेलो, रंगत गेलो, शालार्थ प्रणालीपर्यंत पोचलो. ती सगळं ऐकून घेत होती.

‘‘कळलं ना?’’

‘‘हो सर. पण तुम्ही तक्रार करताना किती खूश दिसता!’’

यावर काय बोलायचं असतं ते बी.एड.ला शिकवलेलं नाही.

शेवटी आला तो मागच्या बाकाचा मालक. सहाही विषयांत पस्तिशीच्या आसपास, कुठं कमी न कुठं जास्त. त्याला जेसीबी घ्यायचाय. आमच्याकडं जेसीबीशिवाय विहीर होत नाही, शेततळं होत नाही आणि आताशा नेत्याचं स्वागतही होत नाही. बकेटमध्ये फुलं भरायची आणि वरून ओतायची. गेल्या निवडणुकीत त्यानं मामाच्या मशीनवर बसून हे सगळं जवळून पाहिलं होतं. त्याचं निरीक्षण असं : फुलं साहेबांवर पडतात, पण चालवणारा साहेबांच्याही वर बसलेला असतो. ‘‘आणि सर, सकाळी एका पक्षाची फुलं, संध्याकाळी दुसऱ्याची. कोणी का पडेना, तासाचं भाडं रोख.’’ कर्ज कसं उचलायचं, डाउन पेमेंटला आजोबांकडून किती घ्यायचे, पहिली दोन वर्षं ऑपरेटर म्हणून कुणाच्या हाताखाली काढायची, सगळा हिशोब तोंडपाठ. गणित भाग एकमध्ये याच माणसाला 40 पैकी 14 होते.

जाताना वाकून पाया पडला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

‘‘सर, तुम्ही रिटायर कधी होणार?’’

‘‘का रे?’’

‘‘मशीन आणतो की गेटवर. गुलाबाच्या पाकळ्या, झेंडू, जे म्हणाल ते. तुमच्याकडून भाडं घ्यायचं नाही ठरवलंय मी.’’ मग थोडं थांबून, धंद्यातल्या माणसाच्या आवाजात : ‘‘डिझेल तेवढं तुम्ही टाका.’’